पानठेल्यावर न थांबणारा माणूस

सोयरिकीच्या बैठकीत "पोरगी शांत आहे" म्हटलं की समोरची मंडळी समाधानाने मान हलवतात. "पोरगा शांत आहे" म्हटलं की मुलीचा मामा जरा पुढे सरकून विचारतो, "शांत म्हणजे कसा? व्यवहाराचं समजते ना त्याले?" स्वभाव तोच, पण पोरीच्या नावावर तो जमा होतो आणि पोराच्या नावावर खर्ची पडतो. पुढे तीच शांत पोरगी शिकून नागपूर-पुण्याकडे मुलाखतीला गेली की तिचेही मार्क कापले जातात, कारण गटचर्चेत ती दोनदाच बोलली.

अशा माणसाला आपल्याकडे नावं भरपूर. घुम्या, एकलकोंडा, तुसडा, मुखदुर्बळ, माणूसघाणा. संध्याकाळी सगळे पानठेल्यावर थांबतात आणि हा गाडी न थांबवता सरळ घरी जातो, नाव पडायला एवढं कारण पुरतं. पण या नावांमध्ये चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत: एकांत आवडणं, माणसांची भीती वाटणं, माणसं नकोशी होणं आणि मनाने खचणं. मानसशास्त्रात जिला अंतर्मुखता म्हणतात ती यांतली फक्त पहिली. उरलेल्या तिन्हींशी तिची गल्लत करणं आपल्या विदर्भात कधी कधी जिवावर बेततं, म्हणून हा विषय जरा सुटा करून पाहू.

लिंबाचा रस आणि मेंदू

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी जगभर रूढ झाली ती स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे. युंगचा मुद्दा ओढीचा होता. कुणाचं मन आपसूक बाहेर धावतं, माणसांकडे, घडामोडींकडे. कुणाचं आत वळतं, स्वतःच्या विचारांकडे. रुग्ण पाहून आणि भरपूर वाचून त्यांनी हे मांडलं होतं. मोजमाप त्यात नव्हतं.

मोजायला लागले हान्स आयझेंक. जन्म बर्लिनचा, नाझी राजवट आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढचं काम लंडनमध्ये केलं. १९६७ मध्ये त्यांनी सांगितलं की फरक मेंदूच्या जागेपणात आहे. मेंदूच्या बुंध्याशी पेशींचं एक जाळं असतं, ते वरच्या मेंदूला जागं आणि सावध ठेवतं. अंतर्मुख माणसात हे जाळं मुळातच जास्त काम करतं, त्यामुळे थोड्या आवाजाने, थोड्या गर्दीने त्याला पुरे होतं. बहिर्मुखाचं जागेपण खालच्या पातळीवर असतं, म्हणून त्याला बरं वाटायला गप्पा, गाणी, गर्दी, काहीतरी चालू लागतं.

याची एक गमतीशीर तपासणी साठच्या दशकात झाली. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि किती लाळ सुटते ते मोजायचं. अंतर्मुख लोकांना सरासरी जास्त लाळ सुटली. म्हणजे तेवढ्याच आंबटाला त्यांच्या शरीराने जास्त मोठी दाद दिली. (घरी करून पाहायला हरकत नाही, पण एका लिंबावरून जावयाचा स्वभाव ठरवू नका. हे सरासरीचं गणित आहे.)

पुढच्या संशोधनात आयझेंकचं सगळंच टिकलं नाही. निवांत बसलेल्या दोन माणसांच्या मेंदूत त्यांना अपेक्षित होता तसा फरक दर वेळी सापडत नाही. बाहेरून काही आदळलं की प्रतिसादात तो जास्त दिसतो. जोडीला दुसरं स्पष्टीकरण आलं, बक्षिसाच्या ओढीचं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे. 'पुढे काहीतरी चांगलं मिळणार, चल' अशी उभारी देण्यात त्याचा वाटा असतो. बहिर्मुख माणसात ही यंत्रणा जास्त चटकन जागी होते, असं आज बरेच संशोधक मानतात. जत्रेचे भोंगे ऐकू आले की एकाच्या पायांना आपोआप घाई होते. दुसऱ्याला जत्रा वाईट वाटत नाही, ती त्याला तेवढी ओढत नाही इतकंच. मला हे दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण ते अंतर्मुख माणसाला नाजूक ठरवत नाही.

अभ्यास करणाऱ्या पोरांच्या घरात मात्र पहिल्या स्पष्टीकरणाचा उपयोग होतो. अमेरिकेत रसेल गीन यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शिकण्याचं एक काम दिलं, कानावर आवाज सोडला आणि तो किती मोठा ठेवायचा हे त्यांनाच ठरवू दिलं. अंतर्मुखांनी लहान आवाज निवडला, बहिर्मुखांनी मोठा. आपापल्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. अदलाबदल केली तेव्हा दोघांचंही बिघडलं. एका भावाला गाणी लावल्याशिवाय गणितं सुटत नाहीत आणि दुसरा टीव्हीच्या आवाजाने पुस्तक मिटून गच्चीवर जातो, तेव्हा दोघांतलं कोणीच नखरे करत नसतं. "गाणे आयकत अभ्यास होते का बे?" असं ओरडणारा बाप बहुधा स्वतः अंतर्मुख असतो.

पट्टीवर मधोमध

आजचे मानसशास्त्रज्ञ माणसांचे दोन गट पाडत नाहीत. स्वभावाचे पाच मोठे पैलू धरतात, त्यांत बहिर्मुखता एक. प्रत्येक जण त्या पट्टीवर कुठेतरी असतो आणि बहुतेक लोक मधल्या भागात असतात. मधल्यांना अँबिव्हर्ट म्हणतात, मराठीत उभयमुखी. मोबाइलवर दहा प्रश्नांची चाचणी देऊन 'मी पक्का इंट्रोव्हर्ट' असा शिक्का लावून घेणारे बरेच जण खरं तर इथलेच.

या पट्टीत नुसतं मिसळणं मोजत नाहीत. बोलून आपलं म्हणणं रेटणं, अंगातली धावपळ, थराराची आवड, चटकन खुलणारा आनंद, हे सगळं त्यात येतं. त्यामुळे दोन अंतर्मुख माणसं एकसारखी असतीलच असं नाही. एखादा माणूस घोळक्यात बसत नाही, पण ग्रामसभेत उभा राहून ग्रामसेवकाला हिशेब विचारतो. त्याला एकांत प्रिय आहे आणि धाकही नाही.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांतला या बाबतीतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. उरलेला अनुभवांतून येतो. म्हणजे 'बापावर गेला' हे निम्मं खरं, आणि 'मार देऊन सुधरवतो' हे जवळपास पूर्ण खोटं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विल्यम फ्लीसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना दिवसातून अनेकदा थांबवून 'आत्ता या घडीला तुम्ही किती बोलके, किती उत्साही आहात?' असं विचारलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की एकच माणूस एका आठवड्यात पट्टीच्या जवळजवळ सगळ्या भागांतून फिरून येतो. अंतर्मुखही दिवसात कधीतरी भरपूर बोलतो, बहिर्मुखही कधीतरी गप्प असतो. फरक सरासरीत आहे. म्हणून लेकीच्या लग्नात नाचलेल्या माणसाला "तू तं म्हणत होता तुले गर्दी आवडत नाही!" असं कोणी चिडवलं तर त्यात काही पकडलं गेलं असं नाही.

सोशल मीडियावर याबद्दल एक उपमा फार फिरते: अंतर्मुखाची बॅटरी लोकांत उतरते आणि एकटं बसलं की चार्ज होते, बहिर्मुखाचं उलट. ऐकायला छान, पण अर्धवट. फिनलंडमधल्या एका अभ्यासात लोकांचा दिवसभर पाठपुरावा केला, तेव्हा मिसळून, उत्साहाने वागल्यावर त्या घडीला जवळपास सगळ्यांनाच बरं वाटत होतं आणि साधारण तीन तासांनी सगळ्यांनाच थकवा जाणवत होता, बहिर्मुखांनासुद्धा. म्हणजे माणसांत बसून थकणं ही अंतर्मुखांची मक्तेदारी नाही, आणि गप्पांनी बरं वाटणं बहिर्मुखांची नाही. कोणाला तो आनंद किती हवासा वाटतो आणि त्यासाठी किती थकवा परवडतो, यात फरक आहे.

गावात एकांत कोणाला मिळतो?

शहरातून लिहिणाऱ्यांचा समज असतो की गाव म्हणजे शांतता. मोटारींचा आवाज कमी, हे खरं. पण माणूस एकटा कधी नसतो. दिवसा दाराला कडी लागत नाही. सपरीत बसलेल्याला रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "काय चालू हाय भाऊ?" विचारतो आणि उत्तर न देणं हा उद्धटपणा ठरतो. "एकटाच काहून बसला?" हा प्रश्न काळजीपोटीच येतो, पण दिवसातून पाच जणांकडून येतो. लग्नघरी आठवडाभर पाहुणे, तेरवीला सगळा गाव, भागवत सप्ताहात पहाटेपासून भोंगा.

शेतीच्या कामांनी मात्र दोन्ही स्वभावांची नकळत सोय करून ठेवली होती. वखरणी आणि डवरणी हे एकट्याचं काम. बैलजोडी पुढे, आपण मागे, ऊन चढेपर्यंत कोणाशी बोलायची गरज नाही. रात्रीचं ओलीत, जागल, ढोरं चारायला नेणं, हेही तसंच. निंदण आणि कापूस वेचणी घोळक्याची. ओळीने बाया वेचत जातात, हात चालू आणि तोंडही चालू. सकाळी वावरात पाय ठेवल्यापासून दुपारची भाकर खाईपर्यंत गावातल्या प्रत्येक घराची खबर घेऊन होते.

पण ही वाटणी नीट पाहिली तर दिसतं की एकट्याची कामं बहुतेक पुरुषांच्या वाट्याला आली आणि घोळक्याची बायकांच्या. अंतर्मुख पुरुषाला "वावरात जाऊन येतो" म्हणून उठता येतं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली तो तासभर बसला तर राखण करतो आहे असं धरलं जातं. अंतर्मुख बाईने कुठे बसायचं? स्वयंपाकघर सगळ्यांचं, नळावर रांग, निंदणाला घोळका, मग बचत गटाची बैठक. ती विनाकारण वावरात गेली तर "काय झालं वं, भांडण झालं का घरी?" पहाटे चारला सगळ्यांआधी उठणाऱ्या कितीतरी जणी सडा-सारवणाचं कारण सांगतात. त्यांतल्या काही जणींना सडा टाकण्यापेक्षा ती अर्धी घटका कोणी न बोलता मिळते हेच हवं असतं, असा मला दाट संशय आहे.

ट्रॅक्टर आल्यावर वखराचे दिवस तासांवर आले. तणनाशकाने निंदणाचे घोळके लहान केले. कापूस मात्र अजून हातानेच वेचला जातो.

माणसांत असून बोलावं लागत नाही अशाही जागा असतात आणि अंतर्मुख माणसं त्या बरोबर शोधून काढतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांचं सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना बघा. सगळे ओळीत बसतात, ठरलेलं म्हणतात, ठरलेल्या वेळी उठतात. सोबत पूर्ण, विचारपूस शून्य. भजनात खंजिरी किंवा टाळ धरणारा, लग्नात वाढप्याचं काम अंगावर घेणारा, नाटकाच्या मांडवात पडदा सांभाळणारा, यांच्यात अशी माणसं बरीच सापडतील. हातात काम असलं की गर्दी सोसते. एवढंच काय, ठरलेली भूमिका असेल तर त्यांच्यातला एखादा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, रंगमंचावर रात्रभर गाजवतो आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावरून कोणी हाक मारली तर घरात सरकतो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांचं म्हणणं असं की मनापासून जवळच्या कामासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, फक्त नंतर त्याला सावरायला वेळ द्यावा लागतो.

भीती वेगळी, आवड वेगळी

लाजाळू माणसाला लोकांत जायचं असतं, पण धीर होत नाही. अंतर्मुख माणसाला धीर असतो, पण तेवढं जायचं नसतं. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, कारण दोघंही भिंतीपाशी उभे असतात.

आपल्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेलं एक उदाहरण घेऊ. लंडनमध्ये शिकत असताना मोहनदास गांधी शाकाहाऱ्यांच्या सभेत लिहून आणलेलं भाषण वाचायला उभे राहिले आणि त्यांना ते वाचता येईना, दुसऱ्याने वाचलं. मुंबईत वकील म्हणून पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तोंडून शब्द फुटेना, फी परत करून निघाले. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे हजारोंच्या सभा घेतल्या तेव्हा ही भीती गेली होती. पण १९३६ पासून सेवाग्रामला राहू लागल्यावरही त्यांचं सोमवारचं मौन चालूच होतं. कोणी भेटायला आलं तर चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. गांधीजींची स्वभावचाचणी आता कोणी घेऊ शकत नाही आणि घ्यायचं कारणही नाही. पण एकाच माणसात भीती सुटते आणि मौनाची आवड राहते, एवढं यातून स्पष्ट दिसतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. हार्वर्डच्या जेरोम कागन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज ऐकवले, नवे वास दिले, हलती खेळणी दाखवली. साधारण पाचांतलं एक बाळ जोरात हातपाय झाडून रडायचं. पुढे नवख्या माणसासमोर बुजणारी, जपून पाऊल टाकणारी मुलं निघण्याची शक्यता याच रडक्या बाळांमध्ये जास्त होती. म्हणजे जे तान्हेपणी सगळ्यांत जास्त गोंधळ घालतं ते पुढे पाहुणे आल्यावर आईच्या पदरामागे जाऊ शकतं. अर्थात हा बुजरेपणा आहे, आणि मायेने, हळूहळू सवय लावली की तो बराच कमी होतो. पाहुण्यांसमोर ओढत आणून "कविता म्हण ना वं!" केलं की वाढतो.

मूल फारच गप्प असेल तर स्वभावावर बोट ठेवण्याआधी त्याचे कान तपासावेत. कमी ऐकू येणारं मूल वर्गात मागे गप्प बसतं आणि सगळे त्याला शांत म्हणतात. नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणं, नजर न देणं, बोलायला फार उशीर होणं, यालाही शांत स्वभाव म्हणू नये. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना आवर्जून सांगावं.

भीती इतकी असेल की पोरगी बँकेत फॉर्म विचारायला जात नाही, तोंडी परीक्षा चुकवते, दुकानात सामान मागताना छातीत धडधडतं, तर तो उपचाराचा विषय आहे. त्याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि समुपदेशनाने त्यात चांगला फरक पडतो. अंतर्मुखतेला औषध नाही, कारण तिथे आजारच नाही.

आता ती महागात पडणारी गल्लत. सोयाबीन पिवळं पडलं, कापसाला भाव नाही, बँकेचं आणि सावकाराचं दोन्ही थकलं, अशा साली घरातला माणूस गप्प होतो. घरचे म्हणतात, "थो तं पयलेपासूनच कमी बोलते." इथे सवयीपेक्षा बदल पाहायचा असतो. जन्मभर कमी बोलणारा माणूस कमी बोलत वखर हाणतो, जेवतो, झोपतो, बैलांवर जीव लावतो, त्याचं ठीक आहे. पण रोज पानठेल्यावर थांबणारा थांबेनासा झाला, किंवा मुळातच गप्प असलेल्याची झोप उडाली, जेवण सुटलं, ज्या गोष्टी त्याला एकट्याने करायला आवडायच्या त्याही सोडल्या, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं, तर ते नैराश्य असू शकतं. अंतर्मुख माणसात हे ओळखणं अवघड जातं, कारण त्याच्या बोलण्यात कमी व्हायला फारसं काही नसतंच. म्हणून त्याच्या हाताकडे बघावं: काम, जेवण, झोप, जनावरं. त्याला पारावर ओढून नेऊन उपयोग नाही. घरातल्या ज्या एका माणसाशी तो बोलतो त्याने शेजारी बसावं आणि सरळ विचारावं, मरणाचे विचार येतात का हेसुद्धा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटतात.

काळ बदलला की मार्क बदलतात

शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी चीनमध्ये शांघायच्या शाळकरी मुलांची १९९०, १९९८ आणि २००२ अशी तीन वेळा पाहणी केली, दर वेळी नवी मुलं. १९९० मध्ये लाजरी, हळवी मुलं वर्गात आवडती होती, अभ्यासात पुढे, त्यांना पुढारपणही मिळत होतं. २००२ पर्यंत अशाच मुलांना सोबती टाळू लागले आणि ती उदास दिसू लागली. मधल्या बारा वर्षांत मुलांचा स्वभाव पालटला नव्हता. बाजार खुला झाला होता आणि स्वतःला पुढे करणाऱ्याची किंमत वाढली होती.

आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत आणि मुलाखतीच्या खोलीत एकाच पोरीला वेगवेगळे मार्क पडतात, त्याचं कारण बरंचसं हेच. ही पोरं 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या क्लासला पैसे भरतात. तिथे काय शिकवतात? जोरात बोला, हात मोठा हलवा, आधी तोंड उघडा. यातलं थोडं कामाचं आहे, विशेषतः भीती असेल तर. पण तयारी करून, मुद्दा लिहून आणून, तिसऱ्या क्रमांकाला एकदाच नेमकं बोलणं ही अंतर्मुखाची ताकद असते आणि ती तिथे कोणी शिकवत नाही.

विक्रीच्या कामाला तोंडाळ माणूसच लागतो, असं कृषी केंद्रवालेही म्हणतात. अमेरिकेत ॲडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्यांची कमाई तपासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की सगळ्यांत जास्त विक्री पट्टीच्या मधल्यांची होती. अति बोलके त्यांच्या मागे पडले. त्याच ग्रँट यांनी सहकाऱ्यांबरोबर पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला होता. कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असले तर अंतर्मुख व्यवस्थापकाच्या दुकानाचा नफा जास्त, आणि कर्मचारी सांगेल तेवढंच करणारे असले तर बहिर्मुखाच्या. बचत गटाच्या अध्यक्षा निवडताना हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. गटातल्या बाया हुशार आणि धडपड्या असतील तर ऐकून घेणारी अध्यक्षा बरी. गट थंड असेल तर उठवणारी हवी.

सभेत मोठ्याने बोलणाऱ्याचंच चालतं, हा आपला रोजचा अनुभव. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) या बाबतीत वेगळं आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमती लागते. शिवाय निर्णयाच्या सभेपासून वेगळा, नुसता समजून घेण्यासाठी, अभ्यासगट बसतो. सर्वांची संमती लागते म्हटल्यावर कोपऱ्यात बसलेल्यालाही विचारावं लागतं, आणि आधी विषय समजलेला असल्याने त्याच्याकडे सांगायला काही असतं. हे अंतर्मुखांसाठी म्हणून कोणी केलेलं नाही, पण त्यांना याचा फायदा होतो. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगातही, एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या कल्पना मिळून बऱ्याच जास्त भरल्या होत्या.

शाळेसाठी तर फुकटचा उपाय आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गातलं बोलणं टेप करून ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि पुढच्या मुलाकडे वळत. त्यांना तीन सेकंद थांबायला शिकवलं, तेव्हा उत्तरं लांब आली, गप्प राहण्याचं प्रमाण घटलं आणि एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलू लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेत याला ना निधी लागतो ना जीआर.

एका घरात दोघं

बहिर्मुखांचीही गावात कुचंबणा होते, हे सांगायलाच हवं. बोलक्या मुलीला 'बडबडी' म्हणून लहानपणापासून दाबतात. सून बोलकी असली तर "लयच तोंड हाय हिले" हे पहिल्या महिन्यातच ऐकू येतं. मळ्यातल्या एकट्या घरात दिवस काढणाऱ्या बोलक्या बाईला जे सोसावं लागतं ते लग्नघरातल्या अंतर्मुखापेक्षा कमी नसतं. तिच्यासाठी कापूस वेचणी म्हणजे मजुरीही आणि औषधही.

नवरा-बायकोत हा फरक असला की रोज संध्याकाळी एकच भांडण होतं. तो दिवसभर बाजार समितीत गाड्यांच्या रांगेत, अडत्याशी घासाघीस करून आलेला. त्याला आता कोणाचा आवाज नको. ती दिवसभर घरी, सासूशी अबोला, लेकरं शाळेत. तिला आता बोलायचंय. तो उत्तर देत नाही म्हणजे आपल्यावर राग आहे असं ती धरते. ती इतकं विचारते म्हणजे संशय घेते असं तो धरतो. दोघांनाही सांगण्यासारखं म्हणजे, त्याने आल्या आल्या "अर्ध्या तासानं बोलतो, थकलो" एवढं वाक्य तोंडाने म्हणावं, नुसतं आंघोळीला निघून जाऊ नये. आणि अर्ध्या तासाने खरोखर येऊन बसावं, मोबाइल आत ठेवून. तिने तोवर शेजारच्या काकूकडे जाऊन अर्धं बोलून यावं.